समुद्राच्या पोटातली बोट

साल एकोणीसशे ब्याऐंशी. ह्या सालानं लातूरला जिल्हा दिला आणि पाऊस दिला नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा वाऱ्यावर गेल्या, आणि श्रावण सरत आला तरी रानातली तूर वीतभर उंचीवर थांबून राहिली. पंधरा ऑगस्टला लातूर उस्मानाबादपासून वेगळं होणार म्हणून गोलाईच्या बाजारात पताका लागल्या होत्या, आणि त्याच पताकांखाली बाया घागरी मांडून टँकरची वाट बघत बसल्या होत्या. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, त्या साली निदान आभाळ तरी खोटं बोलत नव्हतं. औंदा रोज ढग येतात आणि तोंड दाखवून जातात.

निटुऱ्यांच्या घरात मात्र ना जिल्ह्याची चर्चा होती, ना पावसाची. तिथं आठ दिवस एकच विषय होता, उमाबाईंची सही.

गावातल्या जुन्या लोकांनी एक समिती केली होती. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या झेंडावंदनाला हुतात्म्यांच्या नावांची काळी शिळा उघडायची होती. सोळा नावं कोरून झाली होती. सतराव्या नावाची जागा पाथरवटानं राखून ठेवली होती, ती विरूपाक्ष निटुऱ्यांच्या शब्दाखातर. नाव त्यांच्या थोरल्या भावाचं, शिवमूर्तीचं. पण शिवमूर्तीचं मरण कुणी पाहिलं नव्हतं आणि प्रेत कुणाला मिळालं नव्हतं. समितीचं म्हणणं रास्त होतं: बायको हयात आहे, तिनं लिहून द्यावं. कागद टाइप करून आणला होता. ‘माझे पती शिवमूर्ती गुरुलिंगप्पा निटुरे हे सन १९४५ मध्ये जर्मन पाणबुडीतून मायदेशी येत असता समुद्रात वारले, हे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगते.’ खाली ठिपक्यांची रेघ.

उमाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि त्यांच्या खाली रुपयाएवढं कुंकू. त्या ठिपक्यांच्या रेघेवर नाव लिहिलं की ते कुंकू पुसायचं, हे त्या कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं; ते लिहावं लागत नाही.

चौदा तारखेच्या दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून विरूपाक्ष आत आले आणि बैठकीच्या सतरंजीवर बसले.

“वैनी, तीनदा वाचून दाखवलं. आता काय राहिलं?”

“मन्मथ येऊ द्या,” उमाबाई म्हणाल्या. त्या परातीत तांदूळ निवडत होत्या.

“उद्या सकाळी आठला झेंडा. पाथरवट सांच्यापर्यंत थांबंल.”

कमलम्मा, विरूपाक्षांची बायको, दारातून म्हणाली, “थांबू द्या की. अक्काचं माणूस बुडालं का न्हाई ते मागून बघू, पर तुमचं नगरपालिकेचं तिकीट तरंगलं पाहिजे.” कमलम्मा भालकीची. तिच्या मराठीत कानडीचा ठसका होता, आणि तोंड तर तिचं लग्नातच माहेरहून आंदण आलं होतं.

“तू गप्प ऱ्हा,” विरूपाक्ष म्हणाले. पण त्यांचं तोंड उतरलं.

तिकिटाची गोष्ट अगदीच खोटी नव्हती. पण ती सगळी खरीही नव्हती. शेहेचाळीस साली, विरूपाक्ष हैदराबादेत बोर्डिंगात शिकत असताना, पोलीस त्यांची चौकशी करून गेले होते. भाऊ इंग्रजांच्या फौजेत तारायंत्रावर होता, आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला गेला आणि मग इंग्रजांविरुद्ध जर्मनांच्या बाजूनं उभा राहिला, एवढंच पोलिसांना ठाऊक होतं. पुढं वर्षभर बोर्डिंगातली पोरं त्यांना नावानं हाक मारत नव्हती. ‘गद्दाराचा भाऊ’ म्हणत होती. ती पोरं आता कुठं असतील कोण जाणे. विरूपाक्षांना मात्र ती अजून जेवणाच्या पंगतीत समोर बसलेली दिसत. त्या पोरांना दाखवायला ते नाव दगडावर पाहिजे होतं.

मन्मथ तीनच्या सुमाराला आला. एकेचाळीस वर्षांचा, नांदेडला हायस्कुलात सायन्स शिकवायचा. एसटीत सगळी वाट उभा राहून आला होता. चूळ भरायला तांब्या उचलला, आत हंड्याकडं बघितलं आणि अर्धाच भरून घेतला. मग पिशवीतून एक लांबट पाकीट काढलं.

“अव्वा, जर्मनीहून उत्तर आलं.”

नऊ वर्षं तो वकिलातींना, खलाशांच्या संघटनांना, जुन्या नाविकांच्या मासिकांना पत्रं लिहीत होता. घरात त्याची थट्टा व्हायची. बापाला जन्मात पाहिलेलं नव्हतं त्यानं. बाप बाहेर गेला तेव्हा तो पोटात होता.

“पाणबुडीवर होता एक माणूस. बाबांच्या बरोबर,” मन्मथ म्हणाला.

विरूपाक्ष सरसावून बसले. “बघा वैनी. पुरावाच चालत आला.”

“वाच,” उमाबाई म्हणाल्या. परात त्यांनी बाजूला सारली.

पत्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत होतं. मन्मथ थांबत थांबत, मराठी करून सांगू लागला.

“तो लिहितो, ‘मी त्या बोटीवर तारायंत्राचा मदतनीस होतो. बोटीला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तुमच्या वडलांचं नाव आम्हाला म्हणता येत नव्हतं, आम्ही मूर्ती म्हणायचो. ते आणि आणखी एक अनोळखी माणूस असे दोन प्रवासी होते. जर्मनीतून नॉर्वेपर्यंतचे दहा दिवस मी त्यांच्या शेजारी होतो. बोटीत पन्नास माणसं आणि पाणी मोजून. आंघोळ कुणालाच नाही. मूर्ती आपल्या वाटणीतलं पाणी कपाच्या तळाला राखून ठेवायचे. सकाळी डाव्या तळहातावर एक लहानसा काळा गोळा ठेवून त्यावर ते थेंब थेंब सोडायचे आणि मग तेच पाणी पिऊन टाकायचे. मी विचारलं तर म्हणाले, ह्याच्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही.’”

उमाबाईंचा हात आपसूक गळ्यातल्या दोऱ्याकडं, इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीकडं गेला. कमलम्मानं तेच केलं. विरूपाक्षांनी डोळ्यांना उपरणं लावलं. समुद्राखाली, लोखंडाच्या पिंपात, कपाच्या तळाच्या पाण्यानं लिंगपूजा करणारा माणूस निटुऱ्यांचाच. त्याला आणखी कागद नको होता.

“पुढं,” उमाबाई म्हणाल्या.

“‘नॉर्वेच्या बंदरात एप्रिलमध्ये आम्ही पाच दिवस होतो. शिशाच्या पत्र्यानं बंद केलेल्या पेट्या चढवल्या. आत काय होतं ते मला कळलं नाही. कुठं जायचं ते एका मोहोरबंद पाकिटात होतं आणि पाकीट भर समुद्रात गेल्यावर उघडायचं होतं. पूर्वेला जायचंय, एवढीच कुजबुज होती. तिथं झाकणात सापडून माझी तीन बोटं गेली, म्हणून मला उतरवलं. उतरायच्या आधी मी मूर्तीला म्हणालो, तूही उतर. लढाई संपल्यात जमा आहे, इंग्रज पकडतील पण जिवंत राहशील. ते म्हणाले, मी घरी लिहून कळवलंय. बायको आता माझी वाट बघत नसेल. मला फक्त मुलगा एकदा बघायचाय आणि त्या दिशेला जाणारी दुसरी बोट नाही.’”

मन्मथनं पान खाली ठेवलं. तो पाण्याकडं बघत नव्हता, म्हणून कमलम्मानंच तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

“‘बोट निघाली. पुढं जर्मनी शरण गेली तेव्हा सगळ्या पाणबुड्यांना हुकूम सुटला की वर या आणि काळं निशाण लावा. आमची बोट वर आली नाही. इंग्रजांच्या एका यादीत ती आइसलंडजवळ बुडवल्याचं लिहिलंय. दुसऱ्या यादीत आफ्रिकेच्या पश्चिमेला, तीन आठवड्यांनी. एक बोट दोन ठिकाणी बुडत नाही. पेट्यांचा तर कुठल्याच यादीत उल्लेख नाही. मी सदतीस वर्षं विचारतोय. तुम्हाला काही कळलं तर मला कळवा. माझा धाकटा भाऊ त्याच बोटीवर होता.’ झालं. खाली सही. हाइन्झ पेटरसन.”

विरूपाक्षांनी उपरणं खांद्यावर टाकलं. “बिचारा. पर आपलं काम झालं. दोन्ही याद्यांत बुडालीच लिहिलंय. कुठं का बुडंना.”

“खरं आहे, अव्वा,” मन्मथ म्हणाला. “मलाही वाटतं, आता सही करावीस. बाबांचं नाव कुठंतरी असावं. बघायला जाता येईल असं.”

उमाबाई कुणाकडंच बघत नव्हत्या.

“बायको आता वाट बघत नसंल,” त्या हळूच म्हणाल्या. “हे त्यांना का वाटलं?”

“परमुलखात माणूस काईबी बोलतंय, वैनी.”

“काईबी बोलणारं माणूस नव्हतं ते. घरी लिहून कळवलं म्हणतात. पकडले गेल्यावर घरी एकच पत्र आलं.”

त्या उठल्या, आत गेल्या आणि लुगड्यांच्या ट्रंकेतून मेणकापडात गुंडाळलेला कागद घेऊन आल्या.

ते पत्र पंचेचाळीसच्या दिवाळीत देगलूरच्या सटवाजीनं आणलं होतं. सटवाजी शिवमूर्तीबरोबर जर्मनांच्या कैदेत होता, सुटून आला तेव्हा कोटाच्या अस्तरात शिवून ते घेऊन आला. पत्र उर्दूत होतं. निजामाच्या राज्यात शिकलेला माणूस दुसऱ्या कशात लिहिणार? घरात लिंगायती कानडी, बाजारात मराठी, आणि शाळेत, कचेरीत, तारेत उर्दू. सासूबाई लक्ष्मीबाईंना किंवा उमाबाईंना त्यातलं अक्षर येत नव्हतं. म्हणून लक्ष्मीबाई ते घेऊन मागच्या गल्लीतल्या हुसेनबीकडं गेल्या होत्या. हुसेनबी घरी मुलींना कुराण आणि उर्दू शिकवायची. बायकांची सगळी पत्रं तिच्याच उंबऱ्यात वाचली जायची. विरूपाक्ष पुढं उर्दूत मॅट्रिक झाले, पण दिराकडून नवऱ्याचं पत्र वाचून घ्यायचं नाही, ही घरची रीत. म्हणून उमाबाई दर नागपंचमीला हुसेनबीकडंच जायच्या. दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमानं. अलीकडं हुसेनबीच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा उतरला होता. तरी ती कागद हातात धरून, बोट फिरवत, सगळं म्हणून दाखवायची.

“बिलकीसला बोलाव,” उमाबाई मन्मथला म्हणाल्या.

“कशाला?” विरूपाक्ष म्हणाले. “पाठ हाय की आपल्या सगळ्यांना ते पत्र.”

“मला पाठ हाय ते हुसेनबी आपाच्या तोंडचं. आज कागदाचं ऐकू.”

बिलकीस, हुसेनबीची नात, उर्दू शाळेत नुकतीच लागली होती. ती आली आणि तिच्या मागून, भिंत चाचपत, कुणी बोलावलेली नसताना हुसेनबीही आली. तिला सतरंजीवर बसवलं. ती बसली, पण टेकली नाही.

“मला पढायचं होतं तर मीच आले असते, उमा,” ती म्हणाली.

“आपा, तुमच्या डोळ्यांना किती तरास द्यायचा.”

बिलकीसनं कागद उलगडला. घड्यांवर तो फाटायला आला होता. “दादी, हर्फ सुंदर आहेत,” ती अक्षरं बघत म्हणाली, आणि वाचत वाचत मराठीत सांगू लागली. “वालिदा साहेबा, आदाब.”

“आमच्या सासूबाई वालिदा साहेबा,” कमलम्मा म्हणाली. “त्यांना काय वाटलं आसंल ऐकून.”

“हसली होती,” हुसेनबी म्हणाली. “तोंडाला पदर लावून लई हसली होती. तेवढंच.”

“मी खुशाल आहे,” बिलकीस वाचत होती. “मला एका प्रवासाला नेत आहेत. समुद्राच्या पोटातून जाणारी बोट आहे. कुठं उतरवतील हे मला सांगितलेलं नाही आणि मी कुणाला सांगू नये असं बजावलं आहे, तरी तुम्हाला सांगतो. सूर्य उगवतो त्या बाजूला ती जाणार आहे. मन्मथला शाळेत घाला. विरूच्या पाठीत मारू नका, त्यानं त्याचं ध्यान जातं.”

उमाबाईंचे ओठ तिच्या पुढं अर्धा शब्द चालत होते. ‘देवानं आणलं तर येईन’ हे पुढचं वाक्य. त्यांच्या ओठांनी ते म्हणूनही टाकलं. बिलकीस मात्र तिथं आली नाही. ती थांबली होती. तिनं आजीकडं बघितलं.

“बस बेटी,” हुसेनबी म्हणाली. “तिथं पुसलंय.”

“नै दादी. साफ दिखरा.”

“म्या म्हणते पुसलंय.”

“वाच,” उमाबाई म्हणाल्या.

बिलकीसला कळेना कुणाचं ऐकावं. मग तिनं खाली मान घालून, एका दमात वाचलं. “उमादेवी एकवीस वर्षांची आहे. मी परत येईन असं मला वाटत नाही, आणि आलोच तर कधी, ते सांगता येत नाही. तिला माझ्या नावानं बसवून ठेवू नका. ह्या कागदाला सोडचिठ्ठी समजा आणि पंचांपुढं ठेवा. आपल्यात उडकी चालते. चांगलं घर बघून तिचा पाट लावून द्या. रिवाज काही असो, मुलगा तिच्याबरोबर जाऊ द्या. हे तिला वाचून दाखवा. तिनं ऐकलं की मी मोकळा झालो. देवानं आणलं तर येईन.”

बाहेर गोलाईत लाउडस्पीकरची चाचणी चालली होती. कुणीतरी ‘एक दोन तीन’ म्हणत होतं आणि पुन्हा ‘एक दोन तीन’.

“आपा,” उमाबाई म्हणाल्या.

हुसेनबीनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. “तुझी सास आधी एकटीच आली होती. तिला सगळं पढून दाखवलं. ऐकून माझ्या उंबऱ्यातच बसली, उठंना. म्हणाली, हुसेना, पोरगा गेलाच, आता नातू जाईल, सून जाईल, घरात दिवा कोण लावंल? एवढं गाळ म्हणाली. मी गाळलं. मला वाटलं साल-दोन सालाची बात. शिवमूर्ती येईल, मग गाळलेलं कोण विचारतंय. मग तू नागपंचमीला आलीस. मग दुसऱ्या नागपंचमीला. दर साली म्हणायची, पुढच्या साली पढीन. उमा, मी झूट काही जोडलं नाही. एक हर्फ नाही जोडला.”

“जोडलं न्हाई,” उमाबाई म्हणाल्या. “हाव, खरं.”

मग त्या दिराकडं वळल्या.

“भावजी. तुम्ही उर्दूत मॅट्रिक.”

विरूपाक्ष सतरंजीच्या दशा बोटानं सारख्या करत होते.

“वाचलं व्हतं?”

“वाचलं.”

“कवा?”

“एक्कावन साली. आई गेली, तिचं सामान आवरलं, तवा. तिच्या गाठोड्यात व्हतं. मग तुमच्या ट्रंकेत ठिवलं.”

“एक्कावन साली मी सत्तावीसची व्हते.”

“वैनी, दुकान रझाकारीत लुटलं गेलेलं. मी एकला. मन्मथ धा वर्षांचा. तुम्ही घर धरून ठिवलं व्हतं. मला वाटलं, आता सांगून काय उपेग, नुस्ता जिवाला घोर.” त्यांनी दशा सोडून दिल्या. “आन भ्यालो. तुम्ही गेल्या आसत्या तर घर ऱ्हायलं नसतं.”

इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली कमलम्मा पुढं आली. “म्हंजे मला ह्या घरात आणली तवा तुम्हाला ठाऊक व्हतं. तीस वर्षं मी अक्काला टोचून ऱ्हायले, एवढं मोठं कुंकू कशाला, कोण बघायला येणार हाय. तुम्ही तिथंच बसून जेवत व्हता. ऐकत व्हता.”

विरूपाक्षांनी पुन्हा सतरंजीच्या दशा हातात घेतल्या.

“भाकरी वाढीन मी तुम्हाला,” कमलम्मा म्हणाली. “बोलायचं काय ते दुसरीकडं बोला.” आणि ती जाऊन उमाबाईंच्या शेजारी बसली. लग्न होऊन आल्यापासून ती तिथं कधी बसली नव्हती.

मन्मथ अजून जर्मन पत्राची घडी हातात धरून होता. काळं निशाण, आइसलंड, आफ्रिका, सगळं त्याच्या डोक्यात गरगरत होतं. ‘मुलगा तिच्याबरोबर जाऊ द्या.’ कुठल्या घरी वाढलो असतो आपण? नाव कुणाचं लावलं असतं? आणि ज्या माणसानं आपल्याला जाऊ द्या म्हणून लिहिलं, तोच आपल्याला एकदा बघायचं म्हणून त्या बोटीतून उतरला नाही.

“अव्वा,” तो म्हणाला, “जे झालं ते झालं. पण बाबा गेले ते खरंच ना. सही कर. नाव तरी राहील.”

“मन्मथा, नको,” विरूपाक्ष म्हणाले. आठ दिवस सहीसाठी मागं लागलेला माणूस आता हात वर करून आडवा आला. “आता नको म्हणू त्यांना. कुठल्या तोंडानं मागायचं?”

“का नको? तुम्हीच तर बोलावलं मला.”

“भांडू नका,” उमाबाई म्हणाल्या. “कागद दे हिकडं.” त्यांनी टाइप केलेला कागद उलटा केला आणि मन्मथपुढं ठेवला. “पेन काढ. मी सांगते तसं लिही. तुझं मास्तरी मराठी नको, मी बोलते तेच.”

मन्मथनं पेन काढलं.

“मी उमादेवी. शिवमूर्ती निटुरे ह्यांनी मला पंचेचाळीस साली सोडचिठ्ठी दिली. ती मला आज, चौदा ऑगस्ट ब्याऐंशीला, मिळाली. ते पाणबुडीत बसले ह्याला साक्षीदार हाय. पाणबुडी कुठं गेली ह्याला साक्षीदार न्हाई. ते वारले आसं मी म्हणू शकत न्हाई. हायेत आसंबी म्हणू शकत न्हाई. विधवा म्हणून सही करायला आधी बायको आसावं लागतंय. लिहिलंस?”

“लिहिलं.”

“सदतीस वर्षं मी वाट बघितली. माझ्या मनानं बघितली आसं म्हणायला मला बरं वाटलं आसतं. पर तसं न्हाई. लपवलं म्हणून बघितली. ऐकलं आसतं तर काय केलं आसतं, हे मला आता सांगता येत न्हाई. ते इचारायचा वकत गेला. हेबी लिही.”

मन्मथचं पेन थांबलं. मग चाललं.

“वैनी,” विरूपाक्ष म्हणाले, “हे समितीपुढं कसं ठिवू? आई गेलेली. तिची अब्रू…”

“नका ठिवू. मी काय शिळंवर लिहा म्हणत न्हाई. पर माझ्याकडून दुसरा कागद मिळायचा न्हाई.” त्यांनी पेन घेतलं आणि उलट्या कागदावर, ठिपक्यांची रेघ नसलेल्या जागी, सावकाश सही केली. नुसतं उमादेवी. पुढं काही नाही.

हुसेनबी रडत नव्हती. तिला उठवायला बिलकीस वाकली, तर ती म्हणाली, “थांब. उमा काय म्हणते बघू दे.”

उमाबाई परात पुढं ओढून परत तांदूळ निवडायला लागल्या होत्या. एक पसा निवडून झाल्यावर म्हणाल्या, “आपा, तुम्ही बसा. चहा होऊ द्या. पाणी हाय तेवढं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला झेंडा चढला. शिळा उघडली आणि सोळा नावं वाचली गेली. विरूपाक्ष निटुरे पहिल्या रांगेत उभे होते. सतरावी जागा पाथरवटानं रातोरात वेलबुट्टी काढून भरून टाकली होती, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ती नक्षीच वाटली. त्या दिवशीही पाऊस आला नाही. पाण्याचे टँकर मात्र आले, नव्या जिल्ह्याचं नाव रंगवलेले.

कमलम्मानं दीड वर्ष नवऱ्याला भाकरी वाढली आणि शब्द दिला नाही. त्याचं तिकीट राहिलं ते राहिलंच. पुढं बायकांच्या राखीव जागा निघाल्या तेव्हा तीच उभी राहिली, भालकीच्या मराठीत भाषणं करून निवडून आली, आणि पाच वर्षं नळाच्या पाण्यावरून नगरपालिकेत असं भांडली की अजून लोक आठवण काढतात.

विरूपाक्ष अठ्ठ्याऐंशीत गेले. जायच्या आधीच्या श्रावणात एका सोमवारी ते मठात उठून उभे राहिले आणि पत्रातला गाळलेला भाग, उर्दूत आणि मराठीत, सगळ्या समाजापुढं तोंडपाठ म्हणून दाखवला. कुणी विचारलं नव्हतं. बसताना त्यांना दोघांनी धरावं लागलं.

देगलूरच्या सटवाजीला आपण कोटात काय शिवून आणलं होतं ते अखेरपर्यंत कळलं नाही. बिलकीस लग्न होऊन तिकडंच गेली आणि तिथल्या उर्दू शाळेत हेडमास्तरीण झाली.

पण जायच्या आधी तिनं एक काम केलं. ब्याऐंशीच्या भादव्यापासून रोज दुपारी ती उमाबाईंना पाटीवर अलिफ-बे शिकवू लागली. अठ्ठावन्न वर्षांची बाई उजवीकडून डावीकडं हात न्यायला शिकत होती. गल्लीतली पोरं हसायची. पौष महिन्यात हुसेनबीनं अंथरूण धरलं. एका दुपारी उमाबाई पत्र घेऊन तिच्या उशाशी गेल्या आणि अडखळत, अक्षर लावत, वालिदा साहेबापासून खालच्या तारखेपर्यंत ते तिला वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. दोन घटका लागल्या. हुसेनबीनं मध्ये दोन ठिकाणी उच्चार सुधारला. आठ दिवसांनी ती गेली. दोघींनी एकमेकींना माफ केलं की नाही हे कुणी ऐकलं नाही.

मन्मथ त्या हाइन्झ पेटरसनला वर्षातून दोन पत्रं लिहीत राहिला. त्या दोघांनी मिळून दोन्ही याद्या, बंदरांची दफ्तरं, विमानांच्या डायऱ्या धुंडाळल्या. पेट्यांत काय होतं, मोहोरबंद पाकिटात कुठलं बंदर लिहिलं होतं आणि पन्नास माणसं कुठल्या पाण्याखाली राहिली, ह्यातलं काही त्यांना लागलं नाही. नव्वद साली मन्मथचं पत्र परत आलं. पाकिटावर जर्मनमध्ये ‘मयत’ अशा अर्थाचा एकच शब्द होता आणि तो वाचायला त्याला कुणाची गरज लागली नाही.

उमाबाई मन्मथकडं नांदेडला राहायला गेल्या. कुंकू लावायच्या, मोठं नाही, लहान नाही, त्या दिवशी बोटाला येईल तेवढं. नातवंडांना शिवमूर्तीच्या गोष्टी सांगायच्या, पण ‘तुमचे आजोबा’ म्हणायच्या, ‘माझे मालक’ म्हणायच्या नाहीत. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. रीतीप्रमाणे बसवून, डाव्या तळहातावर लिंग देऊन त्यांना मातीत ठेवलं.

मृत्यूचा दाखला काढायला मन्मथ गेला तेव्हा कारकुनानं मान वर न करता विचारलं, “विवाहित का विधवा?”

“मोकळी,” मन्मथ म्हणाला.

“असा रकाना नाही, गुरुजी.”

“मग नवा करा,” मन्मथ म्हणाला, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसून राहिला.